तीनशे मैल, बारा कुत्रे

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, सुपीरियर सरोवराच्या वायव्य काठावर टू हार्बर्स नावाचं गाव आहे. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने ईशान्येकडे निघालं की सुमारे १३५ किलोमीटरवर ग्रँड मरे लागतं. आज मोटारीने हा दोन तासांच्या आतला प्रवास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र या दोन गावांमध्ये धड रस्ता नव्हता. उन्हाळ्यात होडी चालायची, पण हिवाळ्यात काठाला बर्फ धरला की तीही बंद. मधल्या वस्त्यांवर कोळी होते, लाकूडतोडे होते, त्यांची पत्रं होती, आणि ती न्यायची कशी हा प्रश्न होता.

तो प्रश्न १८७९ पासून जवळजवळ वीस वर्षं जॉन बेअरग्रीस आणि त्याच्या भावांनी सोडवला. बेअरग्रीस हा अनिशिनाबे, म्हणजे ओजिब्वे, समाजातला. उन्हाळ्यात तो वल्ह्याच्या होडीतून टपाल न्यायचा आणि हिवाळ्यात कुत्रे जुंपलेल्या स्लेजवरून. त्याच्या स्लेजला बहुधा चारच कुत्रे असत. त्याची सर्वांत वेगवान खेप २८ तासांत झाली, असं त्या भागात अजून सांगतात. १८९९च्या सुमारास किनाऱ्यालगत रस्ता झाला, टपाल घोड्यांवर गेलं आणि कुत्र्यांचं काम संपलं. १९१० मध्ये बेअरग्रीस वारला.

त्याच्या नावाने १९८० च्या सुमारास स्लेजकुत्र्यांची एक शर्यत सुरू झाली. ती आता डुलूथ शहराजवळून निघते आणि कॅनडाच्या सीमेला टेकलेल्या ग्रँड पोर्टेज या ओजिब्वे राखीव क्षेत्रात संपते. अंतर साधारण ३०० मैल, म्हणजे ४८० किलोमीटर. मार्ग वर्षानुवर्षं बदलत आला आहे. सुरुवातीला जाऊन-येऊनची शर्यत होती, आता एकाच बाजूची आहे. पण जानेवारीच्या अखेरीचा मुहूर्त, सरोवराच्या वरच्या अंगाच्या टेकड्या आणि उणे वीस-तीस अंशांची थंडी हे ठरलेलं.

स्लेजकुत्र्यांच्या शर्यती म्हटलं की जगाला एकच नाव आठवतं, अलास्कातली इडिटरॉड. १९७३ पासून चालत आलेली, सुमारे हजार मैलांची, आठ-दहा दिवस चालणारी. तिच्यामागे १९२५ ची ती घटसर्पावरच्या औषधाची कथाही जोडली जाते. नोम गावात साथ आली, आणि वीस मशर व दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने ६७४ मैल धावून साडेपाच दिवसांत औषध पोहोचवलं. (कुत्र्यांची स्लेज हाकणाऱ्याला मशर म्हणतात. मराठीत शब्द शोधत बसण्यापेक्षा हाच बरा.) शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टो या कुत्र्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात उभा राहिला. त्याहून कितीतरी लांब आणि धोक्याचा टप्पा काढणाऱ्या टोगोच्या वाट्याला मात्र कीर्ती फार उशिरा आली.

माझं मत असं की हा खेळ समजून घ्यायचा तर इडिटरॉड बाजूला ठेवावी आणि तीनशे मैलांच्या शर्यतीकडे बघावं. दहा-वीस मैलांची छोटी शर्यत कुत्र्यांच्या पायांवर जिंकली जाते. सुटायचं आणि जीव खाऊन पळायचं. हजार मैलांच्या शर्यतीत वादळ, आजारपण, नशीब अशा शंभर गोष्टी मध्ये येतात आणि एखाद्या रात्रीची चूक पुढच्या आठवड्यात भरून काढता येते. मधल्या पल्ल्याची शर्यत दीड-दोन दिवसांत संपते. एवढ्या वेळात कुत्र्यांना झोप दिल्याशिवाय भागत नाही, आणि दिलेल्या झोपेचा प्रत्येक तास घड्याळात दिसतो. म्हणून ही शर्यत कोण किती पळतं यापेक्षा कोण कुठे आणि किती थांबतं यावर ठरते.

साधा हिशेब करून पाहू. ४८० किलोमीटर, ताशी सरासरी १६ किलोमीटर. निव्वळ धावण्याचे ३० तास झाले. त्यात दहा तासांची विश्रांती धरली तर चाळीस तासांत शर्यत संपते. आता एखाद्या मशरच्या मनात आलं की दहाऐवजी आठच तास थांबू, दोन तास वाचवू. पहिल्या रात्री सगळं छान वाटतं. दुसऱ्या रात्री शेवटचे २०० किलोमीटर उरलेले असताना कुत्रे मंदावतात, वेग सोळावरून तेरावर येतो. साडेबारा तासांत संपणाऱ्या अंतराला आता पंधरा तासांहून जास्त लागतात. वाचवले दोन, गमावले जवळजवळ तीन. शिवाय दमलेल्या कुत्र्यांना चढावर मदत करायला स्वतः खाली उतरून स्लेज ढकलावी लागते ती वेगळीच. उलट बाजूनेही फसता येतं. जो बारा तास झोपवतो त्याचे कुत्रे ताजेतवाने असतात, शेवटच्या टप्प्यात सर्वांत वेगाने पळतात, आणि सहाव्या क्रमांकावर येतात.

नियमांमुळे हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो. पश्चिम अलास्कातल्या बेथेल गावाची कस्कोक्विम ३०० ही शर्यत घ्या. तीही १९८० पासूनचीच. गोठलेल्या कस्कोक्विम नदीवरून बेथेलहून अॅनिअॅकपर्यंत जायचं आणि परत यायचं. या शर्यतीत दहा तासांची विश्रांती सक्तीची असण्याची रीत आहे. त्यातले चार तास परतीच्या वाटेवर, टुलुक्सॅक गावी घ्यायचे. उरलेले सहा कॅल्स्कॅग आणि अॅनिअॅक या मधल्या गावांमध्ये मशरने आपल्या मर्जीने वाटायचे. सगळ्यांची विश्रांती सारखीच, मग डावपेच कुठे उरला? तर या वाटणीत. सहाच्या सहा तास जाताना पहिल्याच थांब्यावर घेतले तर पुढे टुलुक्सॅकपर्यंतचा सगळा पल्ला न थांबता काढावा लागतो. ते मागे ठेवले तर कुत्रे आधी दमतात, पण शेवटी झोप हाताशी असते. शिवाय दुसरा काय करतोय हे प्रत्येक जण बघत असतो. कुणी थांब्यावर येऊन कुत्र्यांच्या अंथरुणासाठी नुसती गवताची पेंढी उचलतो आणि पुढे निघतो. त्याला वाटेत कुठेतरी मुक्काम करायचा आहे, की तो नुसतीच हूल देतोय? मागचा मशर दोन मिनिटांत निर्णय घेतो आणि तो निर्णय पुढचे वीस तास भोगतो.

बेथेलच्या शर्यतीत जेफ किंग नऊ वेळा जिंकला. बसून हाकता येईल अशी स्लेज रुळवण्याचं श्रेय त्यालाच देतात. तोपर्यंत मशर सगळा वेळ स्लेजच्या मागच्या घसरपट्ट्यांवर उभाच असायचा. अलीकडच्या काळात बेथेलचाच पीट कायझर इथे पुन्हा पुन्हा जिंकत आला आहे. २०१९ मध्ये त्याने इडिटरॉडही जिंकली. ती जिंकणारा तो पहिला यूपिक, म्हणजे त्या भागातल्या मूळ रहिवासी समाजातला. त्याच्या विजयाने बेथेलमध्ये जे वातावरण झालं असेल त्याची कल्पना करायला फार कष्ट पडू नयेत. नदीकाठच्या त्या गावांमध्ये कुत्रे ही मिरवायची चीज नव्हती, पिढ्यान्‌पिढ्या शिकारीला, लाकूड आणायला, मासे वाहायला तेच वाहन होतं.

हे वाहन किती जुनं याचा एक पुरावा सैबेरियाच्या उत्तरेला झोकोव्ह बेटावर सापडला आहे. तिथे सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे स्लेजचे अवशेष आणि कुत्र्यांची हाडं मिळाली. २०२० मध्ये त्यातल्या एका कुत्र्याच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो आजच्या ग्रीनलंडच्या स्लेजकुत्र्यांचा नातलग निघाला. म्हणजे शेती जगात अजून नीट रुजायची होती त्या काळात उत्तरेकडची माणसं ओझं ओढण्यासाठी कुत्रे निवडून वाढवत होती.

शर्यतीत धावणारा कुत्रा मात्र चित्रात दिसतो तसा नसतो. निळ्या डोळ्यांचा, झुबकेदार शेपटीचा सैबेरियन हस्की आपल्याकडेही आता फ्लॅटमध्ये धापा टाकताना दिसतो. शर्यतीतला बहुतेक कुत्रा अलास्कन हस्की या नावाने ओळखला जातो आणि ही श्वानसंघटनांनी मान्य केलेली जात नाहीच. काटक, लांब पायांचा, वीस-पंचवीस किलोंचा, अंगावर कुठलाही रंग, कान उभे किंवा पडलेले. रस्त्यात दिसला तर कुणी वळून बघणार नाही. गावठी कुत्र्यांमधून, कामगिरी बघून, पाहिजे ते रक्त मिसळत तो घडवलेला आहे. २०१० मधल्या एका जनुकीय अभ्यासात दिसलं की छोट्या पल्ल्याच्या कुत्र्यांच्या वेगामागे पॉइंटर आणि सलुकी या जातींचा वाटा आहे, तर लांब पल्ल्याच्या दमामागे मॅलम्यूट आणि सैबेरियन हस्कीचा. त्याची जात कागदावर लिहिलेली नसली तरी जनुकांमध्ये ती वेगळी ओळखू येते.

असे बारा कुत्रे सहा जोड्यांनी एका मध्यदोराला जुंपतात. बाराच का, तर मधल्या पल्ल्याच्या शर्यतींत साधारण तेवढ्यांनाच परवानगी असते. सर्वांत पुढे म्होरके. त्यांच्यामागची जोडी वळणावर सगळ्यांना योग्य बाजूला खेचते. सर्वांत मागे, स्लेजच्या पुढ्यात, अंगाने भरलेले आणि स्वभावाने थंड असे दोघं. स्लेजचा प्रत्येक हिसका आधी त्यांना बसतो. म्होरक्या सर्वांत दांडगा असावा लागतो हा गैरसमज आहे. तो कळपाचा दादाही नसतो. कित्येकदा ती एखादी लहानखुरी मादी असते. तिला पुढे कुणी नसताना पळायला भीती वाटत नाही, एवढा तिचा मुख्य गुण. दुसरा गुण ऐकण्याचा. कारण मशरच्या हातात लगाम नसतो. उजवीकडे जायचं तर ‘जी’, डावीकडे ‘हॉ’, दुसऱ्या संघाला ओलांडून सरळ जायचं तर ‘ऑन बाय’. पंधरा मीटर पुढे, अंधारात, वाऱ्यात असलेल्या कुत्र्यापर्यंत फक्त आवाज पोहोचतो. त्याने ऐकलं तर ठीक.

सुटण्याआधीचा गोंधळ विलक्षण असतो. शेकडो कुत्रे एकाच वेळी भुंकतायत, उड्या मारतायत, जोते चावतायत. स्लेज मोटारीला नाहीतर जाड खांबाला बांधून ठेवावी लागते, नाहीतर मशरविनाच निघायची. दोर सुटला की पुढच्या क्षणी सगळं भुंकणं बंद होतं आणि नुसता पट्ट्यांचा बर्फावरचा आवाज उरतो. पहिल्या तासाभरात मशरचं काम एकच, ब्रेक दाबून ठेवणं. त्या उत्साहात पळू दिलं तर स्नायू तिथेच दुखावतात.

आणि काहीही झालं तरी स्लेज सोडायची नाही. मशर पडला म्हणून कुत्रे थांबत नाहीत. उलट ओझं हलकं झालं म्हणून जास्त वेगाने जातात. झोपेच्या गुंगीत झाडाच्या फांदीचा तडाखा बसून पडलेले, मग जंगलात बूट ओढत आपल्याच संघाच्या मागे चालत निघालेले मशर या खेळात मुबलक. दुसरं भय मूस या महाकाय हरणाचं. खोल बर्फात चालण्यापेक्षा त्याला शर्यतीची दाबलेली वाट बरी वाटते, आणि समोरून येणाऱ्या कुत्र्यांना तो लांडगेच समजतो. १९८५ च्या इडिटरॉडमध्ये सूझन बुचरच्या संघात असा एक मूस घुसला. दोन कुत्रे मेले, अनेक जखमी झाले आणि तिला शर्यत सोडावी लागली. त्या वर्षी लिबी रिडल्स ही शर्यत जिंकणारी पहिली स्त्री ठरली. बुचरने पुढे चार वेळा ती जिंकली.

आता थांब्यावर काय होतं ते पाहू, कारण सगळी परीक्षा तिथे असते. समजा, रात्रीचे दोन वाजलेत आणि सहा तास थांबायचं आहे. मशर आधी लोखंडी आकडा बर्फात रोवतो. ओढीचे दोर सोडतो, म्हणजे कुत्र्यांना कळतं की आता काम नाही. प्रत्येकाला गोठलेल्या मासळीचा किंवा मांसाचा तुकडा. मग पेंढी फोडून प्रत्येकाखाली गवताची गादी. मग पायातले बूट काढायचे, बारा कुत्र्यांचे अठ्ठेचाळीस, उघड्या बोटांनी, कारण हातमोज्यांनी ती पट्टी सुटत नाही. हे बूट म्हणजे जाड कापडाच्या पिशव्या. त्या नसतील तर बोटांमध्ये बर्फाच्या गोळ्या धरतात आणि खरखरीत बर्फाने तळवे सोलवटतात. मग स्पिरिटच्या चुलीवर पाणी तापवायचं. साधं पाणी कुत्रे थंडीत पीत नाहीत, म्हणून त्यात मांस आणि चरबी घालून पातळ कालवण करायचं. ते पिऊन होईतो पंजे एकेक करून तपासायचे, मलम चोळायचं, मनगटाला सूज असेल तर पट्टा बांधायचा. या सगळ्याला दीड-दोन तास जातात. कुत्रे तासाभरापूर्वीच वळकटी करून झोपलेले असतात. मशरच्या वाट्याला, सगळं जमलं तर, तास-दीड तासाची झोप येते, आणि निघण्याआधी अठ्ठेचाळीस बूट पुन्हा चढवायचे असतात. जो हे काम पंधरा मिनिटं लवकर उरकतो त्याच्या कुत्र्यांना पंधरा मिनिटं जास्त झोप मिळते. जुने मशर थांब्यावर घाई करताना दिसत नाहीत, पण त्यांची एकही हालचाल वाया जात नाही.

या प्राण्याच्या शरीरात काय चालतं हे शास्त्रज्ञांना गेली कित्येक वर्षं कोड्यासारखं वाटत आलं आहे. हजार मैलांच्या शर्यतीत पंचवीस किलोंचा कुत्रा दिवसाला दहा हजार कॅलरी किंवा त्याहूनही अधिक खर्च करतो. सत्तर किलोंचा सायकलपटू टूर द फ्रान्समध्ये एवढ्या खर्चत नाही. ही ऊर्जा मुख्यतः चरबीतून येते. किलोमागे प्राणवायू वापरण्याची त्याची क्षमता अव्वल माणूसधावपटूच्या दुपटीहून अधिक असते. पण सगळ्यांत नवलाची गोष्ट ओक्लाहोमा राज्य विद्यापीठाच्या मायकेल डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी दाखवली. रोज शंभर मैल पळवलेल्या कुत्र्यांच्या स्नायूंतला साठवलेल्या साखरेचा साठा पहिल्या दिवशी घसरतो, रक्तात थकव्याच्या खुणा दिसतात. माणसात हे असंच वाढत जाईल. कुत्र्यात मात्र तीन-चार दिवसांत शरीर आपली पद्धत बदलतं. पळणं तसंच चालू असतं आणि साठा पुन्हा भरू लागतो.

मला यातून मधल्या पल्ल्याची खरी गोम दिसते. हा बदल पूर्ण व्हायला तीन-चार दिवस लागत असतील, तर तीनशे मैलांची शर्यत त्याच्या आधीच संपते. म्हणजे कुत्रा थकव्याच्या सर्वांत अवघड पट्ट्यात असतानाच त्याच्याकडून सर्वोत्तम वेग हवा असतो. तयारी म्हणून मग ऑगस्टअखेरपासून, बर्फ नसताना, इंजिन बंद केलेल्या चारचाकीला जुंपून सराव सुरू होतो आणि शर्यतीपर्यंत हजार-दोन हजार मैल पायाखालून जातात.

थंडीचा त्यांना त्रास होत नाही का, हा आपल्याकडून हमखास येणारा प्रश्न. उत्तर उलटं आहे, त्रास उकाड्याचा होतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायची ती धापा टाकून. उणे वीस हे त्याला पळायला छान हवामान, आणि शून्य अंश म्हणजे वैशाख. म्हणून ऊन असलेल्या दुपारी झोपवायचं आणि रात्री पळवायचं ही रीत. पंजे गोठत नाहीत, कारण तळव्यात जाणाऱ्या आणि येणाऱ्या रक्तवाहिन्या एकमेकींना इतक्या चिकटून असतात की आत जाणाऱ्या रक्ताची ऊब परतणाऱ्या गार रक्ताला मिळते.

प्रत्येक थांब्यावर पशुवैद्य असतात. ते हृदयाचे ठोके, अंगातलं पाणी, भूक, वजन, फुप्फुसं तपासतात आणि मशरजवळच्या वहीत लिहितात. एखादा लंगडत असेल, खात नसेल, तर त्याला तिथेच ठेवायचं. त्याच्या जागी दुसरा घेता येत नाही. बाराचे अकरा होतात, मग दहा. नवशिक्याला यात नुकसान दिसतं. जाणता मशर बघतो की जो कुत्रा ओढत नाही तो बाकीच्यांना ओझं आहे. आठ ताजे कुत्रे बारा मरगळलेल्यांपेक्षा वेगाने जातात. कुठला कुत्रा किती ओढतोय हे लपत नाही. त्याच्या पाठीमागचा दोर ताणलेला असतो किंवा सैल पडलेला असतो.

या खेळावर टीका आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २०२४ च्या इडिटरॉडमध्ये तीन कुत्रे दगावले. लांब शर्यत संपवलेल्या कुत्र्यांची तपासणी केली तेव्हा जवळजवळ निम्म्यांच्या जठराला इजा झालेली दिसली. त्यानंतर आम्ल कमी करणारं औषध देण्याची पद्धत रूढ झाली. शर्यत नसलेल्या दिवसांत कुत्र्यांना साखळीने खांबाला बांधून ठेवण्यावरही बरेच आक्षेप आहेत. महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींवरून आपण हा वाद जवळून पाहिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. त्या वादात मुख्य मुद्दा चाबूक, पराणी, शेपूट पिरगळणं यांचा होता. स्लेजच्या शर्यतीत त्यांना जागाच नाही. पंधरा मीटर पुढे असलेल्या, लगाम नसलेल्या म्होरक्याला मारून पळवता येत नाही, आणि रुसलेला संघ वाटेत बसला की मशरही तिथेच बसतो. जनावराची इच्छा नसेल तर हा खेळ चालत नाही, एवढं मी मानतो. पण पळायची इच्छा असणं आणि त्या पळण्याने इजा न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुत्रा आपण होऊन थांबत नाही, म्हणूनच त्याला कधी थांबवायचं याची जबाबदारी माणसावर येते. सक्तीची विश्रांती, पशुवैद्यांची वही आणि कुत्रा मागे ठेवण्याचा नियम ही त्या जबाबदारीची लेखी रूपं. या दृष्टीने मधला पल्ला मला हजार मैलांपेक्षा अधिक समर्थनीय वाटतो. थांबे जवळ आहेत, मदत जवळ आहे, आणि दोन दिवसांत कुत्रे घरी असतात.

पैशाचं म्हणाल तर बक्षिसावर कुणाचं घर चालत नाही. वीस-तीस कुत्र्यांचं वर्षभराचं खाणं, औषधं, बूट, गाडी यांच्यापुढे बहुतेक बक्षिसं किरकोळ ठरतात. बरेच मशर पर्यटकांना स्लेजमधून फिरवून किंवा दुसरी नोकरी करून हा छंद पोसतात.

या सगळ्याला आता बर्फाचीच टंचाई भासू लागली आहे. इडिटरॉडला २००३, २०१५, २०१७ आणि २०२५ मध्ये पुरेसा बर्फ नाही म्हणून आपली सुरुवात उत्तरेला फेअरबँक्सला हलवावी लागली. २०२४ च्या उबदार हिवाळ्यात बेअरग्रीस शर्यत आधी जानेवारीतून मार्चवर ढकलली, आणि मग रद्दच केली. हजार मैलांच्या शर्यतीला सरकायला उत्तर दिशा मोकळी आहे. जी शर्यत एका ठरावीक सरोवराच्या काठाशी आणि एका टपालवाल्याच्या वाटेशी बांधलेली आहे, तिला ती सोय नाही.

मिनियापोलिसकडे मुलं-नातवंडं असलेले मराठी वाचक आता कमी नाहीत. तिथून डुलूथ गाडीने अडीच तासांवर आहे. जानेवारीच्या अखेरीस जाणं झालं तर सुटण्याच्या गर्दीत थोडा वेळ उभे राहा, पण दिवस तिथेच घालवू नका. संध्याकाळी पुढच्या एखाद्या थांब्यावर जा आणि मशर काय करतो ते बघत उभे राहा. घरचा कुत्रा बरोबर नेऊ नका, कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवा, विचारल्याशिवाय कुठल्याही कुत्र्याला हात लावू नका, आणि गवतावर झोपलेल्या संघाजवळ बोलायचंच असेल तर हळू बोला. निघण्याआधी त्या वर्षी बर्फ आहे ना, तेवढं मात्र चौकशी करून ठेवा.